गुडघ्याखालची नजर

१

घोडा बघायला गेलं की मॅलकी हेनेगन आधी डोळे मिटायचा.

विकणारा घोडा बाहेर काढायचा, कोणीतरी दोर धरून त्याला डांबरी रस्त्यावर दुडकी चालीत पळवायचं, आणि मॅलकी कुंपणाला पाठ टेकून, टोपी भुवयांवर ओढून नुसता ऐकत उभा राहायचा. दुडकी चालीत घोड्याचे पाय तिरप्या जोडीने पडतात, म्हणून टापा दोनच ऐकू येतात. टक-टक, टक-टक. दुखऱ्या पायावर भार टाकायला घोडा कचरला की त्यातली एक हलकी पडते. खरारा करून चकचकीत केलेलं अंग डोळ्यांना फसवतं, कानांना नाही, असं मॅलकीचं म्हणणं. मग तो डोळे उघडायचा आणि घोड्याच्या गुडघ्याखाली बघायचा. वर कधीच नाही. "गुडघ्याच्या वर सगळी सजावट," तो म्हणायचा, आणि आजूबाजूचे म्हातारे देवळात मान हलवावी तशा माना हलवायचे.

रॉसकॉमन ते स्लायगो, दोन्ही परगण्यांत त्याच्या कानाचं नाव होतं. त्याच्या मुलीच्या, ब्रोनाच्या मते त्यातलं निम्मं नाव गुत्त्यात तयार झालेलं होतं आणि उरलेलं अशा माणसांनी दिलेलं होतं, जी आता तक्रार करायला जिवंत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच कानाने एक घोडी साफ, म्हणजे पायाने निर्दोष, ठरवली होती. तिसऱ्या आठवड्यात दगडी भिंतीवरून उडी मारताना तिचा पुढचा पाय दगा देऊन गेला आणि ब्रोनाचा धाकटा भाऊ टिअरनन तिच्याखाली सापडला. खुब्यात पट्टी, सात स्क्रू, आठ महिने पलंग. आता तो चालत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा असा पडलास तर पुढच्या वेळी चालण्याचा विषय काढायला येऊ नकोस. टिअरनन एकोणीस वर्षांचा होता आणि घोड्यावर बसण्याखेरीज त्याला जगात काही येत नव्हतं, काही नकोही होतं. ऑगस्टच्या स्पर्धेला तो उतरणार होता. त्याची अट एकच होती, आणि ती त्याने बापाला शपथ घालून कबूल करायला लावली होती. ब्रोना हो म्हणेल तोच घोडा.

ब्रोना तेव्हा डब्लिनला जनावरांच्या डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होती. भावासाठी घरी आली ती परत गेलीच नाही. मॅलकी लोकांना सांगायचा, आईच्या माघारी घर सांभाळायला आली पोर. घर ती सांभाळत नव्हती. कॉलेजातले म्हातारे आणि घरातला म्हातारा यांच्यात तिला फरकच दिसेना, एवढं खरं. तिथले आपल्या चुका छापून काढायचे, इतकंच.

गेल्या सहा महिन्यांत तिने अकरा घोडे नाकारले होते. बारावा बघायला ते मार्चमधल्या एका सकाळी क्लूनकेरीला निघाले. गाडीच्या मागे घोडा न्यायचा रिकामा गाडा खडखडत होता.

"आजचा तरी नाकारू नकोस," मॅलकी म्हणाला. "गाडासुद्धा लाजतोय रिकामा फिरायला."

"गाड्याला लाज आहे हे बरंय. घरात कोणाला तरी असावी."

मॅलकीने खिडकीबाहेर बघितलं. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

२

डेव्हेनींचं घर एका लांब पाणंदीच्या टोकाला होतं. दोन मजली, करड्या रंगाचं, समोर फरसबंद अंगण. गाडी थांबली तरी बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाई दिसत होती. ती हात वर करत नव्हती आणि नजर हटवतही नव्हती.

मग कोलमन डेव्हेनी बाहेर आला. साठीचा, चौकोनी चेहऱ्याचा माणूस. उजवा हात कोटात खुपसलेला. हस्तांदोलनाला त्याने डावा पुढे केला.

"मॅलकी हेनेगन! म्हटलं मेलास की काय."

"तुझ्या घोड्यांची वाट बघतोय. ते गेले की जातो."

"आणि ही डॉक्टरीणबाई?"

"अर्धवट," मॅलकी म्हणाला.

"अर्धी डॉक्टर परवडली," ब्रोना म्हणाली. "अर्धा कान नाही परवडत."

कोलमन हसला, पण हसताना त्याची नजर तिच्या पायांवरून फिरली. घोड्यांचे व्यापारी बघतात तशी, खालून वर. ब्रोनाला ते खटकलं. असल्या नजरा तिने कमी झेलल्या नव्हत्या, पण त्या कधी घोट्यांपासून सुरू व्हायच्या नाहीत.

घोडा कुमैत होता, तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, कपाळावर पांढरा ठिपका, जरासा डावीकडे सरकलेला. उभा असा, की बघत राहावं. ब्रोनाने त्याचे ओठ वर करून दात बघितले. सात वर्षं. कागदही तेच सांगत होते. मग ती खाली वाकली आणि पाय चाचपायला लागली, आणि तिचे हात सावकाश होत गेले.

पुढच्या उजव्या पायाची शीर दोरखंडासारखी जाड होती, एकदा तुटून सांधल्यासारखी. मागच्या डाव्या पायाच्या टाचेच्या सांध्यावर हाडाची गाठ. लोक त्याला घोड्याचा मागचा गुडघा म्हणतात, पण ती टाच असते, हे ब्रोनाला कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पुढचा गुडघा तोही गुडघा नव्हे, मनगट. घोडा म्हणजे बोटांच्या नखांवर उभं राहिलेलं जनावर. पुढच्या डाव्या 'मनगटा'तही खडे भरल्यासारखं काहीतरी होतं, आणि मागच्या उजव्या पायाचा सांधा आखडलेला. दात सात वर्षांचे आणि पाय वीस वर्षं दगड ओढलेल्या घोड्याचे.

"लंगडला होता कधी?" तिने विचारलं.

"कधीच नाही," कोलमन म्हणाला. "एक दिवस नाही, एक पाऊल नाही. देवासमोर सांगतो."

त्या भागात एक रीत आहे. विकणारा खोटं बोलत नाही. जे विचारलं त्याचंच उत्तर देतो, आणि जे विचारलं नाही ते विकत घेणाऱ्याचं नशीब. ब्रोनाला वाटलं, आपण बरोबर तेच विचारलं.

"रक्त काढणार मी. दुखणं दाबायचं औषध दिलं असेल तर कळेल."

"बादली आणून देऊ का?" कोलमन म्हणाला.

तिने मानेतून एक नळीभर रक्त काढलं. घोड्याने कानसुद्धा हलवला नाही.

३

"पळवायला आता हीच उरलीय," कोलमन म्हणाला, आणि पागेतून त्याची मुलगी आली. अट्राक्टा. तिशीची असेल. लाल हात, केस मागे करकचून बांधलेले. तिने दोर घेतला, घोड्याला पाणंदीच्या डांबरी भागावर नेलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

मॅलकीने डोळे मिटले.

टक-टक. टक-टक. टक-टक.

ब्रोनाने असली चाल ऐकली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा एवढी शिस्त नसते. घोडा लांब गेला, वळला, परत आला, आणि एका टापेचं वजन दुसरीपेक्षा गहूभर कमीजास्त झालं नाही. मॅलकीच्या तोंडावर एखाद्या बाळाला दूध मिळाल्यावर येतं तसं समाधान पसरलं.

ब्रोनाने खुन्नसने डोळे मिटले. चूक सापडलीच पाहिजे. असल्या पायांनी असली चाल येऊच शकत नाही.

टक-टक. टक-टक. आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी. धप्प आणि सर्र. धप्प आणि सर्र.

ते बुटांचे आवाज होते.

तिने डोळे उघडले. इतकी वर्षं ती घोडे पळताना बघत आली होती, पण दोर धरणाऱ्या माणसाकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. कोणीच बघत नाही. दोर धरणारा म्हणजे दोराचं दुसरं टोक. तिने आता बघितलं. अट्राक्टा उजव्या पायाने लंगडत होती. पाऊल टेकलं की तिची मान वर उडायची, हुबेहूब लंगड्या घोड्याची उडते तशी.

पाय मुरगळला असेल, ब्रोनाने स्वतःला सांगितलं. शेतावर राबणारी बाई आहे. लंगडली तर काय नवल?

आणि सवयीने तिची नजर पुन्हा घोड्याच्या गुडघ्याखाली गेली.

४

मग पाय दुमडायची पाळी आली. ही परीक्षा साधी असते. घोड्याचा एक पाय उचलायचा, सांधा घट्ट दुमडून धरायचा, साठ आकडे मोजायचे आणि सोडल्या क्षणी त्याला पळवायचं. सांध्यात लपलेलं काही असेल तर पहिल्या दहा पावलांत बाहेर येतं. औषध दिलेलं असलं तरी बहुतेकदा येतं.

ब्रोनाने मागचा डावा पाय उचलला, गाठ असलेला. दुमडला. मोजायला लागली. घोडा शांत होता. चाळीसच्या पुढे तिला जाणवलं की शेजारी कोणीतरी जोराने श्वास घेतंय. अट्राक्टा दोर धरून उभी होती आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मार्चच्या वाऱ्यात.

"साठ. पळव."

घोडा सुटला. टक-टक, टक-टक, साफ. अट्राक्टा तिसऱ्या पावलाला कोसळता कोसळता वाचली. तिची डावी टाच जमिनीला लागेना. ती चवड्यावर उड्या मारत, दाताखाली ओठ धरून दहा-बारा पावलं तशीच गेली, आणि मग हळूहळू टाच खाली आली.

मघाशी उजवा पाय होता. आता डावा.

"बघितलंस?" मॅलकी म्हणाला. "लोण्यासारखा गेला."

"बाबा, तिच्याकडे बघा."

"कोणाकडे?"

"दोर धरलाय तिच्याकडे."

"मी पोर विकत घेत नाहीये, ब्रोना."

कोलमन कुंपणाला टेकून, आपल्या उजव्या खिशाकडे बघत उभा होता.

ब्रोनाने पुढचा डावा पाय उचलला. तिचं डोकं अजून नीट चालत होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. एक योगायोग म्हणजे काहीच नाही; दोन बघायचे, तीन बघायचे, मग बोलायचं. तिने पुढचा गुडघा दुमडला, जो खरं तर मनगट असतो, आणि साठ मोजले. सोडला.

"पळव."

घोडा उसळून निघाला. अट्राक्टाच्या डाव्या हातातून दोर गळून पडला. तिने तो उजव्या हाताने पकडला आणि धावत राहिली. डावा पंजा मनगटापासून आत वळून छातीशी लटकत होता, पाखराच्या पायासारखा.

ब्रोना तिच्यापाशी गेली तेव्हा अट्राक्टा तो हात पोटाशी धरून उभी होती.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. जाईल आत्ता."

"असं नेहमी होतं?"

अट्राक्टाने बापाकडे बघितलं, मग घराच्या वरच्या खिडकीकडे. "मी अजून बरी आहे," ती म्हणाली.

५

चहाशिवाय सौदा होत नाही. स्वयंपाकघर गरम होतं, शेगडीवर किटली, टेबलावर सोडा घालून भाजलेला काळपट पाव आणि लोणी. ब्रोनाच्या आधी लक्षात आला तो लाकडी कठडा. भिंतीला धरून, चारी बाजूंनी, कमरेच्या उंचीवर, जहाजात असतो तसा. दारापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून मोरीपर्यंत. हातांनी घासून घासून तो काचेसारखा झाला होता.

त्याच्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरा कठडा होता. तोही तितकाच गुळगुळीत.

कोलमनची बायको नोरीन एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने किटली आणत होती. खिडकीत दिसलेली बाई तीच.

"तो खालचा कशाला?" ब्रोनाने विचारलं.

"धाकटीसाठी."

"लहान आहे?"

"चोवीसची आहे," नोरीन म्हणाली. "खाली येत नाही हल्ली फारशी."

वर, छताच्या लाकडावर काहीतरी हललं. एकदम चार ठिकाणी टेकलं, आणि थांबलं.

मॅलकी आणि कोलमन मेलेल्या घोड्यांच्या गप्पा मारत होते. मेलेल्या घोड्यांबद्दल बोलायला लागले की म्हाताऱ्यांना छत कोसळलं तरी ऐकू येत नाही. ब्रोना भिंतीवरच्या फोटोंकडे गेली. एक तरणाबांड मुलगा, हातात चषक, हसतोय. तोच मुलगा, दुसरं वर्ष, दुसरा चषक. खाली तोच कुमैत घोडा.

"आमचा डेक्लन," नोरीन मागून म्हणाली. "पर्थला असतो आता. ठणठणीत आहे. एकदाही पडला नाही हो. अकरा वर्षं बसला त्याच्यावर, नखाला धक्का नाही."

"घोडा सात वर्षांचा आहे."

"हो," नोरीन म्हणाली. "सातचाच आहे."

फोटोचे रंग उडाले होते, कडा पिवळ्या पडल्या होत्या. घोड्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, जरासा डावीकडे सरकलेला. याची आई असेल, ब्रोनाला वाटलं. नाहीतर भाऊ. एका रक्ताचे ठिपके एकसारखे येतात, पुस्तकात आहे ते. पुस्तकात जे जे आहे ते तिने एका दमात आठवून पाहिलं आणि त्यातलं काही उपयोगाला आलं नाही.

"तुमच्याकडे घरात माणसं किती?" नोरीनने विचारलं.

"तिघं. मी, बाबा आणि भाऊ."

"वर बसणार कोण?"

"भाऊ."

"मग दोन," नोरीन म्हणाली, आणि तिच्या तोंडावर कीव आल्यासारखं दिसलं. "आम्ही चार होतो. चार बरे पडतात."

"कशाला बरे पडतात?"

नोरीनने तिच्या कपात दूध ओतलं. तिने उत्तर दिलं असतं, असं ब्रोनाला नंतर अनेकदा वाटलं. प्रश्न सरळ होता, आणि रीत म्हणजे रीत. पण तेवढ्यात कोलमन उठला आणि म्हणाला, "चला, उजेड आहे तोवर संपवू. मंगळवारी गॉलवेचा माणूस येतोय."

"विकताय कशासाठी?" ब्रोनाने त्याला विचारलं.

कोलमन बायकोकडे बघत राहिला.

"घरात धावणारं कोणी उरत नाहीये," तो म्हणाला.

६

मॅलकीचा स्वतःचा एक नियम होता. सौद्याआधीची शेवटची धाव आपल्या माणसाच्या हातून झाली पाहिजे. विकणाऱ्याचा माणूस दोर कसा धरायचा ते जाणतो, घोड्याची मान उचलून दोष झाकतो. खुब्याचं दुखणं जडेपर्यंत मॅलकी स्वतः पळायचा. मग टिअरनन. आता ब्रोना.

"मी धरतो मागचा डावा पाय," मॅलकी म्हणाला आणि कण्हत वाकला. "साठच्या जागी नव्वद मोजतो. म्हणजे तुझ्या पुस्तकाचंही समाधान होईल."

ब्रोनाने दोर हातात घेतला. तो ओला आणि गरम होता. नाही म्हणायला काय हरकत होती? बापाला सांगायचं, मला ही माणसं आवडली नाहीत. हा बारावा. पण तिला कळायला हवं होतं. कॉलेज तिने सोडलं होतं, ही खोड नाही. काहीच झालं नाही तर आपण मूर्ख ठरू. तसं झालं तर बरंच.

मॅलकी मोठ्याने मोजत होता. सत्तर. ऐंशी. घोडा तिच्या खांद्यावर नाक टेकून उभा होता. त्याच्या श्वासाला गवताचा वास होता. साधं, चांगलं जनावर.

"नव्वद! चल!"

ती धावली. टक-टक, टक-टक, आणि त्यात तिचे बूट, दोन्ही सारखे. पाणंदीच्या वळणापर्यंत काही झालं नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हसू फुटलं. चोवीस वर्षांची बाई रांगते काय! एका घरात चार आजारी माणसं असतात. रक्तातला दोष. आईबापांकडून येतो, जसं सगळंच येतं.

ती वळली, आणि डाव्या टाचेत कोणीतरी खिळा ठोकला.

एक पाऊल. दोन. तीन. टाच वर ओढली गेली, आपोआप, जणू दोरीने. तिसऱ्या पावलाला तिला वाटलं की पायाची बोटं लांब होऊन एका बिंदूत मिटतायत आणि आपण त्या एका बिंदूवर उभ्या आहोत. दुखत होतं, पण ते दुखणं जुनं होतं, मुरलेलं. तिच्या जन्माआधीपासून कुणाचं तरी असलेलं. मग ते गेलं.

खडा असेल. थंडी आहे. वर्षभर धावलो नाही आपण.

तिने मान वर केली. अंगणाच्या तोंडाशी चौघं उभी होती. मॅलकी, डोळे मिटून, तोंडभर हसत. त्याच्या शेजारी कोलमन, नोरीन आणि अट्राक्टा. त्या तिघांपैकी कोणीच घोड्याकडे बघत नव्हतं.

"बोल," ती जवळ आल्यावर मॅलकी म्हणाला. "माझं काय ते झालंय. असा घोडा मी चाळीस वर्षांत ऐकला नाही. पण टिअरननला शब्द दिलाय. तू नाही म्हणालीस तर नाही."

आणि पहिल्यांदाच तो थांबला. खरंच थांबला. अर्धा पांढरा झालेला डोळा आणि दुसरा चांगला, दोन्ही तिच्यावर लावून.

ब्रोनाने घोड्याच्या मानेवर हात ठेवला. रक्ताचा निकाल तीन दिवसांनी येईल आणि त्यात काही नसेल, हे तिला आत्ताच माहीत होतं. नाही म्हटलं तर तेरावा घोडा. मग चौदावा. कधीतरी ती कंटाळेल, किंवा टिअरनन, आणि ऑगस्टमध्ये तो कुठल्यातरी दगडी भिंतीकडे धावत्या जनावरावर बसलेला असेल, ज्याच्या पायात काय आहे ते देवालाही ठाऊक नसेल. या घोड्याच्या पायात काय आहे ते ठाऊक होतं. आणि ते त्याच्या पायात राहणार नव्हतं. अकरा वर्षं, नखाला धक्का नाही.

दोन माणसं. ती आणि म्हातारा. चार पाय दोघांत.

म्हाताऱ्याला विचारायला हवं, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्याचाही खुबा आहे, त्याचीही मनगटं आहेत. पण त्याने टिअरननला कधी विचारलं होतं?

"घ्या," ती म्हणाली.

कोलमनने सौद्याच्या रितीने डाव्या तळहातावर थुंकून मॅलकीच्या हातावर हात मारला. टाळीचा आवाज पाणंदीत घुमला. मग दोर सोपवायला त्याने उजवा हात कोटातून बाहेर काढला. बोटं एकेक करून उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि तो त्यांच्याकडे असा बघत राहिला जसा कोणी परदेशातून आलेल्या नातेवाइकाकडे बघतो. नोरीनने कठड्याशिवाय अंगण पार केलं. कोणी आभार मानले नाहीत.

अट्राक्टा तेवढी ब्रोनाच्या जवळ आली.

"रोज थोडा पळवायचा," ती हळूच म्हणाली. "उभा ठेवलात तर साचतं."

७

घोडा गाड्यात शहाण्यासारखा चढला. ब्रोनाने फळी लावली, खिट्टी दोनदा तपासली. मॅलकी गाडीत बसला आणि पाणंद अर्धी सरायच्या आत घोरायला लागला.

रस्ता खडबडीत होता आणि आरसा हलत होता, त्यामुळे पुढचं तिने नीट बघितलं असं म्हणता येणार नाही. आरशात आधी अट्राक्टा दिसली. ती गाडीच्या मागे धावत होती, फाटक लावायला असेल, पण फाटक मागे राहिलं तरी ती थांबली नाही. केस सुटलेले, तोंड उघडं, दोन्ही पाय सारखे पडणारे. तिशीची बाई उगाच धावत होती, शाळा सुटल्यासारखी. तिच्या मागे नोरीन, कमरेला बांधलेला एप्रन सावरत, तीही.

मग घराच्या दारातून आणखी कोणीतरी बाहेर आलं. ठेंगणं, फिकट कपड्यांतलं. ते फार वेगाने आलं, दोघींना मागे टाकून. ब्रोनाला वाटलं कुत्रा असेल. मोठा, फिक्या रंगाचा कुत्रा. पण त्याचे लांब केस जमिनीला लागत होते, आणि डावा हात उजव्या पायाबरोबर पडत होता, उजवा हात डाव्या पायाबरोबर, तिरप्या जोडीने, एकाही टापेचं वजन कमीजास्त न होता.

वळण आलं आणि आरशात नुसती झाडं उरली.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी थांबावं लागलं. समोरून दुधाचा टँकर येत होता. मॅलकीने झोपेत उजवं मनगट चोळलं, पुटपुटला, पुन्हा घोरला. खिशातला फोन वाजला. टिअरनन होता.

"घेतला?" त्याच्या आवाजात दोन वर्षांपूर्वीचा टिअरनन होता. "ब्रोना? खरं सांग. चांगला आहे?"

"साफ आहे," ती म्हणाली.

टिअरननने तिकडे काहीतरी आपटलं आणि ओरडला. ती ऐकत राहिली, तो दमेपर्यंत. मग फोन ठेवला. टँकर गेला. रस्ता मोकळा झाला.

मागे गाड्यात घोड्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला. फळीवर खूर घासल्याचा आवाज आला.

ब्रोनाने क्लच दाबायला डावा पाय उचलला आणि तो खाली कसा टेकतो ते बघत बसली.